आधी डबा, मग शब्द: जोडीदाराच्या लेकराची जबाबदारी वाटून घेताना

लग्न न करता एकत्र राहायचं दोघांनी ठरवलं आणि त्यातल्या एकाला आधीचं लेकरू असेल, तर राहायला तिघं येतात, पण ठरवलेलं असतं दोघांनीच. तिसऱ्याचं घर बदलतं, शाळा बदलते, गल्ली बदलते, कधी राज्यही बदलतं, आणि त्याला फक्त सांगितलं जातं. आमच्या घरातलं हे तिसरं माणूस तेव्हा साडेसात वर्षांचं होतं. आईबरोबर गडहिंग्लजहून बेळगावात आलं. मी उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये पाळीवर काम करतो, तिची आई खासगी दवाखान्यात नोकरीला आहे. पोरगी आता सहावीत गेली. या चार वर्षांत जे जमलं आणि जे चुकलं, त्यावरून हे लिहितो आहे. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात आमच्यासारखी आणखीही घरं आहेत. उघड कुणी बोलत नाही, म्हणून प्रत्येकाला पहिल्यापासून चाचपडावं लागतं.

माझं म्हणणं एकच आहे. जबाबदारी घेताना क्रम सांभाळायचा. आधी कामं उचलायची. कामं करता करता आपल्या शब्दाला किंमत येते. रागावण्याचा हक्क सगळ्यात शेवटी येतो आणि तो लेकरू देतं, आपण घ्यायचा नसतो. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात शिस्त लावायला बसतो आणि डबा मात्र आईच भरत राहते.

सामान हलवण्याआधी

पहिलं काम कागद बघण्याचं. घटस्फोटाचा हुकूमनामा हातात आहे का? त्यात मुलाचा ताबा कुणाकडे, भेटी किती आणि कुठे, मुलाला दुसऱ्या गावी किंवा राज्याबाहेर न्यायला कोर्टाची परवानगी लागेल का, हे शब्द न् शब्द वाचा. गडहिंग्लज ते बेळगाव हे अंतर आपल्याला परगाव वाटत नाही. संकेश्वर ओलांडलं की आलंच. पण कागदावर ते दुसरं राज्य आहे, आणि ताब्याचा वाद उभा राहिला तर मूल नेहमी राहतं कुठे यावरून कोणतं कोर्ट ते ठरतं. घटस्फोट अजून चालू असेल तर थोडं थांबा, निदान वकिलाला विचारल्याशिवाय एका घरात जाऊ नका. जोडीदाराचं लग्न अजून कायम आहे हे माहीत असताना सुरू केलेल्या सहजीवनाला 'लग्नासारखं नातं' म्हणून २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. १५१०० हा त्यांचा फोन.

दुसरं काम आम्ही एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर केलं. लेकराची रोजची सगळी कामं एकाखाली एक लिहिली: उठवणं, वेणी, डबा, रिक्षापर्यंत सोडणं, दुपारी आणणं, अभ्यास, ताप आला तर रजा, शाळेची फी, पालकसभा, मोबाइल, झोपायची वेळ. आणि प्रत्येक कामापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली. हे काम करणार कोण? त्यातलं ठरवणार कोण? चुकलं तर बोलणार कोण? डब्यापुढे लिहिलं होतं: करणार मी, ठरवणार आई, बोलणार आई. दुपारी आणण्यापुढे करणार आणि ठरवणार मी, कारण तेव्हा आई दवाखान्यात असते, पण बोलणार आईच. मोबाइलपुढे तिन्ही आई. 'दोघं मिळून' असं कुठेही लिहायचं नाही हा नियम आम्ही पाळला. 'दोघं मिळून' लिहिलेलं काम पहिल्या महिन्यातच कुणाचंच राहत नाही.

इथे बायकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. पुरुष जेव्हा बाईच्या लेकराच्या घरात येतो तेव्हा त्याने काम थोडं केलं तरी कौतुक होतं. बाई जेव्हा पुरुषाच्या लेकराच्या घरात येते तेव्हा पहिल्या सकाळपासून स्वयंपाक, धुणं, अभ्यास सगळं तिच्यावर पडतं, आणि ती एकदा चिडली की 'सावत्र आई ती सावत्रच' हे वाक्य तयारच असतं. तिथे क्रम हाच, पण वाटणी वेगळी हवी. लेकराच्या अंगाखांद्याची कामं, म्हणजे अंघोळ, आजारपण, रात्रीचं उठणं, पहिलं वर्षभर बापानेच करायची. तो म्हणाला 'मला जमत नाही', तर त्याला आधी शिकू द्या. मग राहायला जा.

लेकराला सांगणं

सांगायचं जन्मदात्या पालकाने, एकट्याने. नवा माणूस त्या वेळी खोलीत नको. सामान येण्याच्या निदान महिनाभर आधी सांगावं. आणि 'काका थोडे दिवस पाहुणे म्हणून येणार आहेत' असं खोटं सांगू नका. पाहुणा जात नाही हे लेकराला पंधरा दिवसांत कळतं, आणि पहिलाच शब्द खोटा निघाला हे ते विसरत नाही.

हिच्या आईने जे सांगितलं ते असं होतं: "मी आणि काका एका घरात राहणार आहोत. तू माझ्याबरोबरच राहणार. पप्पा तुझे पप्पाच राहणार, त्यांच्याकडे तू जात राहणार. तुला राग आला तर मला सांग, मी रागावणार नाही." एवढंच. 'ते तुझे नवे पप्पा' हे नाही. 'ते तुझ्यावर खूप प्रेम करतात' हेही नाही. ते तेव्हा खरं नव्हतं. मी तिला चार वेळा भेटलो होतो.

ऐकल्यावर पोरगीने विचारलं, माझं कपाट कुठे ठेवणार? मोठ्यांना वाटतं लेकरू काहीतरी खोल विचारेल. ते कपाटाचं विचारतं, झोपायच्या जागेचं विचारतं, मांजराचं विचारतं. तीच उत्तरं नीट, पक्की द्यायची. कपाट खिडकीजवळ, आणि किल्ली तुझ्याकडे.

हाक

काका म्हणावं, मावशी म्हणावं, नावाने हाक मारावी, तिघांपैकी काहीही चालतं. आपल्याकडे मावशी या शब्दात आईची ऊब आहे आणि आईची जागा घेतल्याचा आरोप नाही, त्यामुळे बाईसाठी तो फार चांगला शब्द. शेजारची कन्नड मुलं चिक्कम्मा म्हणतील, तेही तसंच. आई, पप्पा, बाबा हे शब्द मागून घेऊ नका, आजीला सांगून वदवूनही घेऊ नका. आणि लेकराने आपणहून कधी 'पप्पा' म्हटलं तर लगेच गहिवरून जाऊ नका. आमच्याकडे ते एकदाच झालं, तापात. सकाळी ती परत काकांवर आली. मी काही बोललो नाही.

पहिलं काम कोणतं घ्यायचं

असं काम घ्या जे जन्मदात्या पालकाकडून काढून घेतल्यासारखं वाटणार नाही, जे रोज असेल, आणि ज्यात तुम्हाला खरोखर काही येत असेल. वेणी आईची होती, ती मी मागितली नाही. झोपतानाची गोष्ट आईची होती. माझ्या वाट्याला कन्नड आलं.

गडहिंग्लजच्या मराठी शाळेतून आलेल्या पोरीसाठी बेळगावात सगळ्यात मोठा बदल घरातला माणूस नव्हता, लिपी होती. माध्यम मराठीच राहिलं तरी कर्नाटकातल्या शाळेत कन्नड शिकावंच लागतं, आणि तिच्या वर्गातली मुलं ते पहिलीपासून गिरवत होती. माझं बालपण गोकाकात गेलं, कन्नड मला गल्लीनेच शिकवलं. म्हणून रोज साडेचार ते पाच, पाटी-पुस्तक घेऊन आम्ही दोघं बसायला लागलो. मराठीत 'ए' एकच, 'ओ' एकच. कन्नडमध्ये दोघांचीही ऱ्हस्व-दीर्घ जोडी. 'कोडु' हा शब्द ऱ्हस्व ओ घेऊन म्हटला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. दुकानात ती 'पेन दे' म्हणायच्या ऐवजी 'पेन शिंग' म्हणून आली आणि घरी येऊन रडली. त्या दिवशी मी तिला समजावलं नाही. पुन्हा दुकानात घेऊन गेलो, मीही मुद्दाम नाही तर सहजच एक शब्द चुकलो, दुकानदाराने दोघांनाही दुरुस्त केलं. दोन महिन्यांनी ती मला आठवण करायला लागली, "काका, कन्नड राहिलंय."

काम रोजचं हवं, याचं कारण हे. लेकरू आपल्याला सणावारी आणलेल्या कपड्यांवरून जोखत नाही. पावसाळ्यात गणवेश दोन दिवस वाळत नाही, तेव्हा रात्री इस्त्रीने कोण वाळवतं हे त्याला बरोबर माहीत असतं. पहिले तीन महिने दोन कामं पुरेत. ती न चुकता करा. पाळी बदलली, रात्रपाळी आली, तर लेकराला आदल्या दिवशी सांगा की उद्या आणायला कोण येईल. माझ्याकडून हे एकदा राहिलं आणि पोरगी फाटकाशी पाऊण तास उभी होती. पुढे महिनाभर ती दुपारी बाईंना विचारायची, "काका येणार आहेत ना?"

शाळा बदलाचं थोडक्यात: सीमेपलीकडून येताना शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आधार आणि जन्मदाखला आणा. दाखल्याला उशीर झाला तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तेवढ्यावरून प्रवेश अडवता येत नाही. इथल्या शाळेत मुलाची नोंद एसएटीएस, म्हणजे राज्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या, क्रमांकाने होते, तो लिहून ठेवा. वडिलांच्या रकान्यात वडिलांचंच नाव राहू द्या.

रागावणं

पहिल्या वर्षी शिक्षा नव्या माणसाने करायची नाही. हात उगारायचा नाही, हे पहिल्या वर्षापुरतं नाही, कधीच नाही. घराचे नियम जन्मदात्या पालकाने सांगायचे, नव्या माणसाच्या समोर, दोघांनाही लागू होतील असे. जेवताना मोबाइल नाही, हा आमच्याकडे तिघांचा नियम आहे. आईने पोरीला असंही सांगून ठेवलं, की मी घरी नसताना रस्ता, गॅस, पाणी आणि अनोळखी माणूस या चार बाबतींत काकांचा शब्द माझाच शब्द. बाकी भांडण असेल तर मी आल्यावर.

या चार बाबतींतही थांबवणं वेगळं आणि बोलणं वेगळं. हे मला चुकून कळलं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आम्ही दोघंच गेलो होतो. बेळगावची ती गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला सांगायला नको, रात्र उलटते आणि माणसांना माणसं खेटलेली असतात. एका चित्ररथावर जिवंत देखावा होता, तो बघायला तिने माझा हात सोडला. दोन मिनिटांत सापडली, पण ती दोन मिनिटं फार मोठी होती. मी दंड आवळून सगळ्यांसमोर ओरडलो. ती म्हणाली, "तुम्ही माझे पप्पा नाहीत." आणि मी म्हणालो, "मग सांग तुझ्या पप्पांना गर्दीत शोधायला."

हे वाक्य बोलायला नको होतं. भीती माझी होती आणि मारा तिच्या बापाच्या नावाने तिच्यावर केला. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं: "ओरडलो ते चुकलं, पप्पांबद्दल बोललो ते जास्त चुकलं. हात सोडलास त्याबद्दल आई बोलेल, ते माझं काम नाही." ती काहीच म्हणाली नाही. चार दिवस कन्नडही झालं नाही. पाचव्या दिवशी पाटी आली.

'तुम्ही माझे पप्पा नाहीत' हे वाक्य प्रत्येक घरात कधीतरी येणारच. त्याचं उत्तर आधीच पाठ करून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही. "बरोबर आहे, मी पप्पा नाही. मी या घरातला मोठा माणूस आहे आणि रस्त्यावर हात धरायचा हा घराचा नियम आहे." आवाज न चढवता. पुढे एक शब्दही जोडू नका.

जन्मदात्या पालकालाही एक सांगणं आहे. दिवसभर दमून आल्यावर 'थांब, काका आले की सांगते' हे फार सोपं वाक्य आहे. ते एकदा बोललात की नव्या माणसाची महिन्यांची मेहनत गेली. नव्या माणसाचा धाक वापरू नका. आणि नव्या माणसाचं काही पटलं नाही तर लेकरासमोर त्याला तोडू नका, रात्री बोला. आम्ही रविवारी सकाळी चहाच्या वेळी तो कॅलेंडरचा कागद काढतो. दर सहा महिन्यांनी एखाद्या कामापुढचं नाव बदलतं. 'अभ्यासावरून बोलणार कोण' यापुढे माझं नाव यायला सव्वा वर्ष लागलं, आणि ते पोरीला विचारून लिहिलं.

सीमेपलीकडचं घर

तिचे वडील गडहिंग्लजला आहेत. भेटीची जागा आम्ही संकेश्वरचं बसस्थानक ठरवली. बेळगावपासून सुमारे ५० किलोमीटर, त्यांना त्याहून बरंच जवळ. दोघांच्याही दारात नाही, चहाचं दुकान आहे, माणसांची वर्दळ आहे. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या रहिवासी स्त्रियांना आणि मुलींना राज्याच्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट लागत नाही, त्यामुळे मायलेकींचा संकेश्वरपर्यंतचा खर्चही वाचला. आधारवरचा पत्ता मात्र इथला हवा. न्यायला-आणायला पहिली दोन वर्षं आईच गेली. मी गेलो ते तिच्या वडिलांनी 'चालेल' म्हटल्यावर.

सुट्ट्यांचं गणित वर्षाच्या सुरुवातीलाच मांडून ठेवा, इथे हमखास भांडण होतं. कर्नाटकात उन्हाळी सुट्टी एप्रिलमध्येच लागते आणि शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते. महाराष्ट्रात सगळंच दोन-तीन आठवडे मागे. इकडे मोठी सुट्टी दसऱ्याची, तिकडे दिवाळीची. पहिल्या वर्षी वडिलांनी दिवाळीचे पंधरा दिवस मागितले आणि हिची शाळा चालू. ते म्हणाले, मुद्दाम अडवताय. मग आईने शाळेचं सुट्टीपत्रक फोटो काढून पाठवलं. आता दसरा पूर्ण तिकडे, दिवाळीचे दोन दिवस तिकडे, पाडवा इकडे, आणि एप्रिलमधले तीन आठवडे तिकडे. चुलतभावंडांच्या परीक्षा तेव्हा चालू असतात, पोरीला एकटं वाटतं, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

वडिलांचा फोन आठला येतो. मी तेव्हा गॅलरीत जातो. काय बोलले ते विचारत नाही. निरोप लेकराच्या हाती पाठवत नाही, 'पप्पांना सांग फी भरायची आहे' हे तर अजिबात नाही. लेकराच्या पोटगीची वडिलांची जबाबदारी आईने नवा जोडीदार केला म्हणून संपत नाही. त्यासाठी आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. आईच्या स्वतःच्या पोटगीवर मात्र समोरचा पक्ष सहजीवनावरून आक्षेप घेऊ शकतो, ते वकिलाशी बोलून ठेवा. आणि मी खर्च करतो म्हणून 'त्यांचे पैसे नकोत' असं मानापायी म्हणू नका. ते पैसे पोरीचे आहेत.

इथली पोरं दोन बाजूंत वावरायला लहानपणीच शिकतात. १ नोव्हेंबरला शाळेत राज्योत्सव असतो आणि गल्लीत मराठी माणसं काळा दिन पाळतात. तिने पहिल्या वर्षी मला विचारलं, आपण कुणाकडचे? सीमेचं उत्तर मी दिलं, जेवढं मला येतं तेवढं. पण दोन घरांच्या बाबतीत हा प्रश्न तिच्यावर येऊ नये, म्हणून तिच्या वडिलांबद्दल या घरात वाईट बोललं जात नाही. आजी आल्यावरही नाही.

दार, अंघोळ, झोप

हे लिहायला लोक लाजतात, म्हणून स्पष्ट लिहितो. लेकराची झोपायची जागा वेगळी, निदान पडद्याआड हवी. अंघोळ घालणं, कपडे बदलणं नव्या माणसाने करायचं नाही. दार वाजवून आत जायचं, हे मोठ्यांनीही पाळायचं. मिठी लेकराने मारली तर मारायची, मागायची नाही. पोरीला आम्ही सांगून ठेवलं आहे, की अंगाला हात लावलेला आवडला नाही तर तो कुणाचाही असो, काकांचासुद्धा, आईला सांगायचं, बाईंना सांगायचं, नाहीतर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करायचा. माझं नाव त्या यादीत मीच घालायला लावलं. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलाच्या घरात राहणाऱ्या आणि पालकाशी असं नातं असणाऱ्या माणसाने केलेला अत्याचार जास्त गंभीर मानतो, आणि ते योग्यच आहे. चांगल्या माणसाला या नियमांनी अपमान वाटायचं कारण नाही. ज्याला वाटतो, त्याच्याबद्दल आईने पुन्हा विचार करावा.

कागद

कायद्याच्या नजरेत मी पोरीचा कुणी नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई, आणि त्या शब्दांत सावत्र आई-वडील येत नाहीत असं तिथेच लिहिलं आहे. म्हणजे उद्या आम्ही लग्न केलं तरी मी आपोआप पालक होत नाही. आईला काही झालं तर पालक पोरीचे वडील. हे आम्ही दोघांनी एका रात्री मोठ्याने बोलून घेतलं. फार जड गेलं, पण बोलावंच लागतं. लग्न केल्यावर सावत्र पालक म्हणून दत्तक घेण्याची वाट आहे. त्याला दुसऱ्या जन्मदात्या पालकाची संमती लागते आणि बालन्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर आदेश जिल्हाधिकारी देतात. लग्नाशिवाय ती वाट नाही.

म्हणून जे हातात आहे ते करा. शाळेत आईच्या सहीचं पत्र द्या: न्यायला येणाऱ्यांची नावं, फोटो, फोन, त्यात वडिलांचाही. दवाखान्यासाठी एक फाइल करा: लसीकरणाचं कार्ड, रक्तगट, कशाची ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर, आईवडील दोघांचे नंबर. तातडीचे उपचार सहीसाठी थांबू नयेत, पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला सही पालकाचीच लागते. दहा वर्षांखालच्या मुलीचं सुकन्या समृद्धी खातं पालकच उघडू शकतो, ते आईनेच उघडावं. वयाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात, तेव्हाही आईच जाते. आणि लेकराला आपल्या मागे काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा, कारण जोडीदाराचं मूल आपलं वारस ठरत नाही. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी.

गल्ली

घर बघताना घरमालकाला खरं सांगा आणि भाडेकरारात दोघांची नावं घाला. एकाने आम्हाला नकार दिला, दुसऱ्याने विचारलं, "पोरगी शाळेला जाते ना?" आणि किल्ली दिली. आपल्या भागात दुसरा संसार नवीन नाही. पाट, म्होतर अशी बाईची दुसरी लग्नं आपल्याकडे होतीच, कन्नड घरांत उडकी होती. कित्येकदा आधीचं लेकरू आजोळी ठेवून बाई नव्या घरी जायची. आता लेकरू बरोबर येतं, हा बदल मला चांगला वाटतो.

लेकराला एक खरं आणि छोटं वाक्य द्या. "ते आमचे काका, आमच्याच घरी राहतात." त्यापुढे कुणी खोदून विचारलं तर "आईला विचारा." खोटं नातं सांगायला लावू नका. वर्गाच्या बाईंना मात्र सगळं आधीच सांगून ठेवा.

बिघडलं तर

बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, भेटीच्या आदल्या दिवशी पोट दुखायला लागलं, जेवण सुटलं, अभ्यासात एकदम घसरण झाली, आणि हे दोनतीन आठवडे टिकलं, तर वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, आपल्या भाषेत बोलता येतं. आम्ही दुसऱ्या वर्षी गेलो होतो. डॉक्टरांनी पोरीआधी आम्हा दोघांना तासभर बसवून ऐकलं.

आणि दोघांचंच तुटलं तर? कायदा मला तिला भेटायचा हक्क देणार नाही. म्हणून हे चांगल्या दिवसांतच ठरवून ठेवावं. तिला सांगायचं दोघांनी, समोर बसून, आणि सामान तिच्या शाळेच्या वेळात हलवायचं नाही. तिसरीत असताना तिनेच हे काढलं होतं. वर्गातल्या एका मुलीच्या घरी तसं झालं होतं. पाटीवरून मान वर न करता तिने विचारलं, "काका, तुम्ही गेलात तर माझं कन्नड कोण घेणार?" मी तिच्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "काकाच घेतील. दर गुरुवारी, साडेचारला." कॅलेंडरच्या त्या कागदावर सगळ्यात खाली ते लिहिलेलं आहे, तिच्याच अक्षरात.